नळगंगेच्या काठी वाफेवरचा अख्खा मासा

फिलिपिन्समध्ये घरी पाहुणे आले की डोक्या-शेपटीसकट वाफवलेला अख्खा मासा ताटात मांडतात. त्यात मानाचा मासा लापूलापू. आपल्या कोकणातलं हेकरू त्याच्याच कुळातलं. २७ एप्रिल १५२१ रोजी माक्तान बेटावर मॅगेलनच्या सैन्याला ज्याने हरवलं, त्या सरदाराचं नाव या माशाला मिळालं. पाककृतीत चिनी हात स्पष्ट दिसतो: आलं, कांद्याची पात, सोया सॉस. वर पिळायला तिथलं छोटंसं कालामान्सी लिंबू.

बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापुरात हे करायला निघालं की पहिली अडचण समुद्राची. पापलेट, सुरमई इथवर येतात ते बर्फातून. झणझणीत रश्शात भाजलेलं खोबरं आणि तिखट हे शिळेपण सांभाळून घेतात. वाफ काहीच सांभाळून घेत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मलकापूरकराने हा पदार्थ करताना समुद्राचा नाद सोडावा. शेजारच्या मोताळा तालुक्यात नळगंगेचं धरण आहे, गावोगावी तलाव आहेत. सकाळी जाळ्यातून निघालेला मासा दुपारी चुलीवर चढू शकतो.

पण मासा कुठला? रोहू, कटला चवीला उत्तम, मात्र त्यांच्या मांसात बारीक दुफाटे काटे विखुरलेले असतात. तुकडे तळले तर ते जमून जातं. अख्खा मासा मऊ वाफवला की घास घेणारा हैराण होतो. चिलापीला हे आडवे-तिडवे काटे नसतात. मधल्या कण्यावरून मांस सरळ सुटतं. शिवाय चिलापी हा फिलिपिन्सच्याही रोजच्या जेवणातला मासा. मूळची आफ्रिकेची. मोझांबिक जातीची चिलापी भारतात १९५२ साली आणली गेली आणि भराभर वाढून इतर माशांना जड झाली. पुढे १९८८ साली फिलिपिन्समध्ये ‘गिफ्ट’ प्रकल्प सुरू झाला. इजिप्त, घाना, केनिया, सेनेगल इथून आणलेल्या नाईल चिलापीच्या वाणांतून निवड करत जोमाने वाढणारा वाण तिथे तयार झाला. आज भारतातही मत्स्यशेतीत तो वाढवतात.

भारत आणि फिलिपिन्स यांना जोडणारा दुसरा धागा मला याहून मोलाचा वाटतो. रोहू-कटला साचलेल्या तळ्यात अंडी घालत नाहीत. पूर्वी त्यांचं बीज पुराच्या नदीतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यांचं प्रजनन घडवलं. तलावात सोडायचं बीज भरवशाने मिळू लागलं ते त्यानंतर. हेच चौधुरी पुढे फिलिपिन्सला गेले. तिथल्या जिवाभावाच्या बांगुस माशाच्या अंड्यांचं कृत्रिम फलन करून त्यांची वाढ नोंदवणारा शोधनिबंध त्यांनी सहकाऱ्यांसह १९७८ साली प्रसिद्ध केला. दोन्ही देशांच्या ताटांत या माणसाचं देणं आहे, आणि आपल्या शाळांत त्यांचं नाव क्वचितच घेतलं जातं, याची खंत वाटते.

गोड्या पाण्यातल्या माशाला मातीचा वास येतो, ही तक्रार खरी आहे. जिओस्मिन नावाचं द्रव्य पाण्यातले काही सूक्ष्मजीव तयार करतात आणि मासा ते कल्ल्यांवाटे शोषून घेतो. पहिल्या पावसात मातीचा जो वास आपल्याला वेड लावतो, त्यातही तेच असतं. आंबटाने ते उतरतं; म्हणून लिंबू चोळून मासा दहा मिनिटं ठेवायचा.

बाजारात मासेवालीला सांगावं, “मावशी, तुकडे नको, अख्खाच द्या. खवले, कल्ले, पोट साफ करा.” अर्ध्या किलोची चिलापी पुरे. डोळा फुगीर आणि चकचकीत हवा, कल्ले लालबुंद. पोट उघडलं की आतल्या बाजूला पातळ काळी साल दिसेल. ती मीठ लावून बोटाने खरवडून काढायचीच. राहिली तर कडसर लागते.

भांडं वेगळं लागत नाही. खानदेशची हद्द जवळच, त्यामुळे तुरीच्या डाळीचे फुणके वाफवणाऱ्या घरांना हे तंत्र शिकवायला नको. पाणी खळखळ उकळू लागल्यावरच मासा ठेवायचा. एक ग्रॅम वाफ माशावर पाणी होताना सुमारे ५४० कॅलरी उष्णता देते. तेवढंच उकळतं पाणी शंभर अंशांवरून साठावर उतरताना फक्त चाळीस. म्हणून दहा-बारा मिनिटांत काम होतं. माशाच्या दोन्ही अंगांना तिरप्या चिरा, मीठ, खाली अद्रकाचे काप आणि केळीचं पान. पाठीच्या जाड भागात सुरीचं टोक घातल्यावर मांस कण्यापासून सुटलं, की गॅस बंद.

ताटलीत साचलेलं गढूळ पाणी ओतून द्यावं. मग पात, अद्रकाची बारीक सळई, दोन चमचे सोया सॉस. बुलढाण्याच्या शेतांत एवढं सोयाबीन पिकतं, पण त्याचा सॉस आपण बाटलीतूनच आणतो. शेवटी कडकडीत तापलेलं गोडंतेल वरून सोडायचं. पात चर्र करते आणि कच्चेपणा जातो. सोबत भाकरीपेक्षा साधा भात बरा, कारण रस पातळ असतो. गालांचं मांस सगळ्यांत गोड. ते घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी वाढावं.