कुत्रा पाळायचा कशासाठी?

पाळीव प्राण्यांचे उपयोग शिकवताना फळ्यावर यादी तयार होते. गाय दूध देते, बैल नांगर ओढतो, कुत्रा राखण करतो. मग एखादी मुलगी म्हणते, "आमचा मोती तर चोर आला तरी शेपूटच हलवेल!" वर्ग हसतो आणि आपण पुढच्या प्राण्याकडे वळतो. खरं तर इथेच थांबायला हवं. उपयोग नाही, तरी मोतीला रोज भाकरी मिळतेच. ती का?

जर्मनीत बॉन शहराजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली दगडाच्या खाणीत एक पुरुष आणि एक स्त्री यांचे सांगाडे सापडले. ते सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहेत. सोबत काही प्राण्यांची हाडं होती. त्यांत एक कुत्रा आहे, हे लक्षात यायला मात्र बरीच वर्षं गेली.

हा कुत्रा मेला तेव्हा जेमतेम सात महिन्यांचा होता. त्याच्या दातांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. दातावरचं एनॅमल तयार होत असताना मोठं आजारपण आलं, तर त्या वेळच्या थरात दोष राहतो आणि पुढे तो भरून निघत नाही. दुष्काळाचं वर्ष झाडाच्या खोडातल्या वर्तुळात दिसावं, तसंच हे. या पिलाला बहुधा डिस्टेंपर झाला होता आणि आजार कित्येक आठवडे उलटत राहिला होता. ताप, उलट्या, जुलाब, अशक्तपणा. कोणीतरी पाणी पाजल्याशिवाय, भरवल्याशिवाय, ऊब दिल्याशिवाय ते इतके दिवस जगणं कठीण. मोठेपणी शिकारीला उपयोगी पडेल, या आशेने त्याला जगवलं असेल, असंही कोणी म्हणेल. पण दुसरं, धडधाकट पिलू पाळणं अधिक सोपं नव्हतं का?

माणसाचं मूल फार काळ परावलंबी असतं. त्यामुळे असहाय जीव दिसला की सांभाळण्याची ओढ आपल्यात खोल रुजलेली आहे. कुत्रा आपल्या घरात शिरला तो बहुधा याच दाराने. जपानी संशोधकांनी २०१५ मध्ये कुत्रे आणि त्यांचे मालक यांना अर्धा तास एकत्र ठेवून, आधी आणि नंतर लघवीतलं ऑक्सिटोसिन मोजलं. बाळंतपणात आणि अंगावर पाजताना आईच्या शरीरात काम करणारं हेच संप्रेरक. ज्या जोड्या एकमेकांकडे जास्त वेळ बघत राहिल्या, त्यांच्यात ते दोघांचंही वाढलं. माणसांनी वाढवलेले लांडगे मात्र माणसाच्या डोळ्यांकडे फारसे बघतच नव्हते. (ऑक्सिटोसिन म्हणजेच प्रेम, असं मात्र वर्गात सांगू नये. त्याची कामं अनेक आहेत.)

कुत्र्याच्या भुवईची आतली बाजू उचलणारा एक स्नायू असतो. लांडग्यात त्याच्या जागी जेमतेम काही तंतू असतात, असं २०१९ मध्ये विच्छेदनातून दिसून आलं. आपल्या हातात भाकरीचा तुकडा असताना मोती जसा वर बघतो, तेव्हा हाच स्नायू काम करत असतो.