हुंडा, देज आणि शारदा

वरसंशोधनाच्या पायीं आपल्या घरांतील वडील मंडळींनीं जितके जोडे झिजविले, तितके दुसऱ्या कोणत्याहि कार्यासाठीं क्वचितच झिजविले असतील. विनोदी लेखकांस या विषयाची कधीं वाण पडली नाहीं, यांत नवल तें काय?

गोविंद बल्लाळ देवल यांचें 'संगीत शारदा' १८९९ सालीं रंगभूमीवर आलें. धनलोभी कांचनभट आपली कोवळी मुलगी भुजंगनाथ नांवाच्या वृद्धास देऊं करतो आणि भद्रेश्वर दीक्षित मध्यस्थी करून आपली पोळी भाजून घेतो. अखेर वधूवर सगोत्र असल्याचें उघडकीस येतें, म्हणून तें लग्न मोडतें. शारदेच्या अश्रूंनीं जें साधलें नाहीं, तें गोत्रानें साधलें. देवलांच्या उपरोधाची खरी धार येथेंच आहे.

पुढें राम गणेश गडकऱ्यांनीं 'बाळकराम' या टोपणनांवानें ठकीच्या लग्नाची मोहीम रंगविली. कांचनभट घेणारा होता. हुंड्याच्या बाजारांत मुलीचा बाप देणारा ठरला. गडकरी १९१९ सालीं नागपूरजवळ सावनेर येथें वारले. त्याच विदर्भाच्या पूर्व टोकास, गडचिरोली जिल्ह्यांत, हेमलकशाच्या अरण्यांत माडिया गोंडांची तिसरीच तऱ्हा आढळते.

तेथें हुंडा नाहीं. परंपरेनें वरपक्ष मुलीच्या घरीं मागणी घालतो व देज देतो. ऐपत नसलेल्या वरानें सासऱ्याच्या घरीं कांहीं वर्षें राबून तें फेडावें, अशीहि गोंडांत चाल आहे. चार, पांच, सहा, सात देव मानणाऱ्या कुळांचे गट असून एकाच गटांत सोयरीक होत नाहीं; म्हणजे आपल्या सगोत्रविचाराचें भावंडच तेथें नांदतें.

मग हा माडिया पिता व कांचनभट सारखेच काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. देजाच्या मुळाशीं एक जाण आहे: मुलगी गेली म्हणजे घरांतले राबते हात गेले, त्याची भरपाई हवी. हुंडा मात्र तिला ओझें समजतो. तथापि देजहि निर्दोष नाहीं. बाईनें नांदणें सोडलें, तर तें परत मागितलें जातें.

१९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीच्या विवाहाचें किमान वय चौदा ठरविलें, आज तें अठरा आहे. १९६१ सालीं हुंड्यास कायद्यानें बंदी झाली. पैसा इकडून जावो कीं तिकडून, 'मुलीस कोणीं विचारलें?' हा शारदेचा प्रश्न मात्र कोणताहि कायदा घरोघरीं जाऊन विचारणार नाहीं. तो आपल्या माजघरांतच विचारला गेला पाहिजे, आणि तोहि बैठक बसण्यापूर्वीं.