खग्रास ग्रहणाच्या वाटेवरचा शास्त्रज्ञ

२२ जानेवारी १८९८ रोजी भर दुपारी वडूज आणि खटाव परिसरात अंधार दाटला. विजयदुर्गाच्या किनाऱ्यावर जमीन गाठणारा खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सातारा जिल्ह्याचा हा भाग ओलांडून सोलापूर जिल्ह्यातील जेऊरकडे सरकला. जेऊर येथे दुर्बिणी रोखून बसलेल्यांत अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल होते, तसेच पुण्याचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवालाही होते. विजयदुर्गावर इंग्लंडचे नॉर्मन लॉकियर होते. लॉकियर यांनी हेलियमची रेषा विजयदुर्गावरूनच शोधली, असा समज आपल्याकडे रूढ आहे. परंतु ते निरीक्षण त्यांनी १८६८ मध्ये इंग्लंडमध्ये केले होते. विजयदुर्गावर ते आले तीस वर्षांनंतर.

१८५७ मध्ये जन्मलेले नायगमवाला मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे विद्यार्थी. पदार्थविज्ञान व रसायन हे विषय घेऊन १८७८ मध्ये एम. ए. झाल्यावर त्यांनी तेथेच अध्यापन स्वीकारले. वर्णपटाच्या अभ्यासासाठी प्रयोगशाळा उभारण्यास भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपये दिले व मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. उपकरणे खरेदी करण्यासाठी नायगमवाला १८८४ मध्ये इंग्लंडला गेले. तेथील ज्योतिर्विदांच्या सल्ल्याने प्रयोगशाळेच्या बेताचे वेधशाळेत रूपांतर झाले आणि १८८८ मध्ये पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली.

त्यांचे सर्वांत महत्त्वाचे काम मृग नक्षत्रातील तेजोमेघाविषयीचे. त्याच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती तापलेल्या मॅग्नेशियमची असावी, असे लॉकियर यांचे मत होते. तसे असते तर रेषेची एक कड अंधूक होत गेलेली दिसली असती. नायगमवालांना मात्र दोन्ही कडा रेखीव दिसल्या आणि १८९१ मध्ये त्यांनी तसे प्रसिद्धही केले. ज्यांच्या प्रोत्साहनाने वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच सिद्धांताला हा पुरावा प्रतिकूल होता. पुढे १९२७ मध्ये ती हिरवी रेषा आयनीभूत ऑक्सिजनची असल्याचे स्पष्ट झाले.

जेऊरच्या निरीक्षणांचा अहवाल १९०२ मध्ये प्रकाशित झाला. परंतु वेधशाळा एका व्यक्तीच्या आधारावर उभी होती. नायगमवाला निवृत्त होताच १९१२ मध्ये ती बंद करण्यात आली. तिची वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. पुढे कित्येक दशके देशातील सर्वांत मोठी दुर्बीण तीच होती. १९३८ मध्ये नायगमवालांचे निधन झाले.

लॉकियर यांची आठवण विजयदुर्गाने आवर्जून जपली आहे. त्याच ग्रहणाच्या वाटेवर वेध घेणाऱ्या आपल्या प्राध्यापकाचे नाव मात्र जेऊर, वडूज आणि खुद्द पुण्यातही क्वचितच कानी पडते. उपकरणे आणली, वेध घेतले. पण काम पुढे नेणारी शिष्यपरंपरा उभी राहिली नाही, की संस्था माणसाबरोबरच संपते, हा या चरित्राचा धडा आहे.