मांडवात चप्पल चालते का?

लगीनसराई सुरू झाली की धाराशिव जिल्ह्यातल्या घराघरांत एक वाद हमखास रंगतो. नवरदेवाच्या धाकट्या भावानं जोधपुरी कोटाखाली पांढरेशुभ्र स्नीकर्स चढवलेले असतात. चुलते धोतर-नेहरूशर्टावर करकरणारी कोल्हापुरी घालून आलेले असतात. आणि आत्या दोघांच्याही पायांकडे बघून म्हणते, "बूट नव्हते व्हय रं घरात?" पुतण्याला वाटतं, आत्याला फॅशन कळत नाही. चुलत्यांना कळत नाही, की या भांडणात आपल्याला कशाला ओढलं.

मानाच्या कार्यक्रमाला पुरुषानं बूटच घालावेत, चप्पल म्हणजे घरगुती आणि स्नीकर्स म्हणजे पोरखेळ, ही समजूत आता इतकी पक्की झाली आहे की ती परंपराच वाटते. तिचं मूळ शोधायला गेलं तर ते मांडवात सापडत नाही, सरकारी दरबारात सापडतं. मांडवाचा पायताणाविषयीचा कायदा वेगळा आहे आणि तो बराच जुना आहे.

काढायचं कधी, हा खरा प्रश्न

आपल्याकडच्या लग्नात पायताण घालण्यापेक्षा काढण्याचेच प्रसंग जास्त. परण्या निघतो, नवरदेव घोड्यावरून मारुतीच्या पारापर्यंत जातो. तिथं पायताण बाहेर. हळदीच्या पाटावर अनवाणी. नवरीचे आई-वडील पाय धुतात तेव्हा अनवाणी. अंतरपाटासमोर, होमापुढं, देवघरात, कुलदैवतासमोर, थोरामोठ्यांच्या पाया पडताना आणि भारतीय बैठकीची पंगत असेल तर पानावर बसतानाही तेच. ज्या दोन-तीन तासांसाठी बुटांची एवढी चर्चा होते, त्यातला निम्मा वेळ ते दाराबाहेरच असतात.

म्हणूनच कोणत्याही मंगल कार्यालयाच्या दारातला ढीग बघण्यासारखा असतो. टाचेचा काळा ठसा उमटलेल्या कोल्हापुऱ्या, मोजे आत कोंबलेले लेसचे बूट, पोरांचे शाळेचे काळे बूट, पट्टा तुटून तारेनं बांधलेली रबरी चप्पल. अनुभवी पाहुणा तर एक चप्पल खांबाजवळ आणि दुसरी पार पलीकडं कुंडीमागं ठेवतो, कारण एकट्या चपलेला चोरही हात लावत नाही. या ढिगात सगळ्यात हाल लेसच्या बुटांचे. अक्षता संपतात, पंगतीची घाई होते आणि वाकून लेस बांधणाऱ्या माणसामागं रांग तुंबते.

2023 च्या मे महिन्यात तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिरात हाफ पँट, बर्मुडा आणि असभ्य कपड्यांना मज्जाव करणारे फलक लागले आणि टीका झाल्यावर लगेच मागेही घेतले गेले. कपड्यांवरून इतकं रामायण झालं. पायताणावरून झालं नाही. ते बाहेर काढायचं असतं हे कुणाला शिकवावं लागत नाही. आपल्या संस्कृतीत आदर दाखवायचा तो पायताण काढून. पायात काय होतं हा मुद्दा दुय्यम.

बूट मानाचा कसा झाला?

मग बूट मोठा झाला कधी? एकोणिसाव्या शतकात. 1854 साली कंपनी सरकारनं कलकत्त्यातल्या सरकारी समारंभांपुरती सवलत दिली, की विलायती पद्धतीचे बूट-मोजे घालणाऱ्या देशी गृहस्थांनी ते काढले नाहीत तरी चालेल. 1868 मध्ये ही सवलत इतरत्रही दरबार आणि कचेऱ्यांसाठी लागू झाली. देशी जोडे घालणाऱ्याला मात्र ते दाराशीच काढावे लागत. एकाच दारातून दोन माणसं आत जायची. विलायती बूटवाला ताठ, देशी जोडेवाला अनवाणी. सुरतेच्या कोर्टात 1862 मध्ये माणेकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांनी जोडे काढायला नकार दिला, तेव्हा त्यावरून मोठं वादळ उठलं होतं.

आपला जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यातला. मधली 1853 ते 1860 ही वर्षं नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडं होता आणि तिथला कारभार काही काळ मेडोज टेलर या अधिकाऱ्यानं पाहिला. हैदराबादच्या दरबारात मात्र उलटा रिवाज होता. इंग्रज रेसिडेंटलाही निजामापुढं बूट काढून खाली बैठकीवर बसावं लागे. 1869 मध्ये अवघ्या दोन-अडीच वर्षांचे मीर महबूब अली खान गादीवर आले, तेव्हा रेसिडेंट सॉन्डर्सनं बूट न काढता खुर्चीवर बसण्याचा हट्ट धरला आणि तो चालला. दरबारात खुर्ची आली आणि तिच्यासोबत बूटही आले.

तिथून बूट फौजेत, पोलिसांत, शाळेच्या गणवेशात आणि कचेरीत मुरला. इंग्रज गेले, निजामी राजवट 1948 च्या सप्टेंबरात संपली, पण बुटाचा रुबाब टिकला. लग्नाच्या बोलणीत घड्याळ-अंगठीच्या जोडीला 'सूट-बूट' येऊन बसले. मूळचे पंढरपूरचे चित्रकार एम. एफ. हुसेन अनवाणी वावरायचे, म्हणून 1988 मध्ये मुंबईच्या विलिंग्डन क्लबनं त्यांना आत घेतलं नाही. महाराष्ट्र सरकारनं 2020 च्या डिसेंबरात कर्मचाऱ्यांच्या पेहरावाचं परिपत्रक काढलं. त्यात महिलांना चप्पल, सँडल, बूट असे तिन्ही पर्याय होते; पुरुषांना फक्त बूट आणि सँडल. म्हणजे पुरुषाच्या पायातली चप्पल सरकारदरबारी अजूनही दाराबाहेरच.

पण बुटाला नावं ठेवण्याआधी

या इतिहासावरून कुणी म्हणेल, बूट ही गुलामीची खूण, फेकून द्या. तसं म्हणण्याआधी गावाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघायला हवं. जी माणसं कातडं कमवत आणि गावासाठी पायताणं शिवत, त्यांनाच कित्येक गावांत सवर्णांच्या आळीतून जाताना स्वतःची पायताणं हातात धरावी लागत. चप्पल पायात घालणं हाच जिथं गुन्हा होता, तिथं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा सूट-बुटातला पुतळा चौकाचौकांत उभा राहिला, तेव्हा त्यातल्या बुटालाही अर्थ होता. नवरदेवाच्या पायात पॉलिश केलेला बूट असावा असा हट्ट धरणाऱ्या घरात तो केवळ साहेबी थाट नसतो. आजोबांना जे घालू दिलं नाही, ते नातू घोड्यावर बसून घालतो. त्या बुटावर बाहेरच्यानं शेरा मारू नये.

चपलेच्या बाजूनंही तितकंच बोलण्यासारखं आहे. अस्सल कोल्हापुरीचं कातडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. तळ जाड म्हशीच्या कातड्याचा, पट्ट्यांवरच्या बारीक वेण्या शेळीच्या मऊ कातड्याच्या आणि शिलाईही कातड्याच्याच वादीची. खिळ्याचं काम नाही. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. ते मिळालेल्या महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत कोल्हापूर, सांगली, साताऱ्यासोबत आपला शेजारी सोलापूरही आहे. 2025 च्या जूनमध्ये मिलान शहरात प्राडा कंपनीनं पुरुषांच्या कपड्यांचा सोहळा भरवला, त्यात मॉडेलांच्या पायांत हुबेहूब कोल्हापुरीच्या धाटणीचे सँडल होते. आधी नाव न घेतल्याबद्दल टीका झाली, मग कंपनीनं भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. जी वस्तू मिलानच्या रंगमंचावर मिरवते, ती परंड्याच्या मांडवात 'साधी' कशी?

मग घालायचं काय?

पहिला निकष पोशाखाचा. धोतर, पायजमा-कुर्ता, शेरवानी यांवर कोल्हापुरी किंवा मोजडी शोभते. धोतरावर लेसचा बूट म्हणजे जुन्या फोटोतले मुनीमजी. सूट घातला असेल तर मात्र चप्पल नको. पँटची मोहरी टाचेखाली येते, मळते आणि सगळा डौल जातो. तिथं बिनलेसचा कातडी बूट सगळ्यात सोयीचा, पटकन निघतो आणि पटकन चढतो. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात पारा चाळिशी ओलांडतो. दुपारच्या मुहूर्ताला नायलॉनचे मोजे घालून बंद बुटात उभं राहिलेला माणूस पंगतीला बूट काढतो, तेव्हा शेजारच्या पाहुण्यांना त्याची शिक्षा होते. मोजे सुती असावेत.

दुसरा निकष कार्यक्रमाचा. हळदीला जुनी चप्पल उत्तम, डाग पडला तरी हळहळ नाही. वरातीत डांबरी रस्त्यावर बेंजोपुढं दोन तास नाचायचं असेल तर स्नीकर्ससारखं शहाणपण नाही. गुडघे दुवा देतील. साखरपुडा, बारसं, वास्तुशांत यांना स्वच्छ स्नीकर्स खुशाल चालावेत. मुहूर्ताच्या वेळी नवरदेव, करवला आणि मामा हे फोटोत पुढं असतात. त्यांनी चामड्याचं काहीतरी घालावं, एवढी अपेक्षा रास्त आहे. बाकीच्यांच्या पायांकडं कॅमेरा वळतच नाही. दहाव्या-तेराव्याला साधी चप्पलच बरी, तिथं चकाकणारा नवा बूट डोळ्यांत खुपतो. न्हाणीघरातली रबरी चप्पल मात्र कुठंच नको. तिच्यात पाहुणा गरीब दिसत नाही, निष्काळजी दिसतो. रानातून तसाच धावत आलेला भाऊबंद याला अपवाद. तो आला हेच मोठं.

कोल्हापुरी नवी असेल तर लग्नाच्या दिवशीच पहिल्यांदा घालू नका, ती चावते. आठवडाभर आधी रोज संध्याकाळी तासभर घरात वापरा, अंगठ्याच्या पट्ट्याला आतून तेलाचं बोट फिरवा. पाणी लागू देऊ नका. भिजली तर उन्हात न टाकता सावलीत वाळवा.

आत्याच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येईल. चप्पल चालते. स्नीकर्सही चालतात. मळकं, फाटकं आणि चिखलाचं मात्र काहीच चालत नाही, मग तो हजारोंचा बूट का असेना. यजमानांनाही एक विनंती. कार्यालय ठरवताना ताटाचा दर, जनरेटर आणि पार्किंग विचारता, तसं दारात पायताणं ठेवायला रॅक आहे का आणि तिथं बसायला माणूस आहे का, तेही विचारा.