कार्ब्युरेटरची पुनर्बांधणी, जुन्या मोटारगाड्यांतील

जुन्या मोटारगाडीचा मूळ कार्ब्युरेटर ओळखून, त्याचे झिजलेले भाग बदलून व मापे जुळवून तो पुन्हा कार्यक्षम करण्याची क्रिया. कार्ब्युरेटर हवा व पेट्रोल यांचे ज्वलनक्षम मिश्रण एंजिनास पुरवितो. त्याची छिद्रे विशिष्ट एंजिनासाठी ठरविलेली असतात. त्यामुळे बैठकीवर बसणारा दुसरा कार्ब्युरेटर योग्य मिश्रण देईलच असे नाही.

ओळख : महाराष्ट्रातील परिचित उदाहरण जीपगाडीचे आहे. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपच्या २,१९९ घ. सेंमी. एंजिनावर कार्टर कंपनीचा डब्ल्यूओ ५३९ एस हा कार्ब्युरेटर असे. पुढे मुंबईच्या महिंद्र कंपनीने येथे बनविलेल्या गाड्यांत सोलेक्स कार्ब्युरेटरही आढळतात. म्हणून मूळ भाग ठरविताना गाडीचे वर्ष व एंजिनाचा प्रकार प्रथम पाहावा लागतो. कार्टरवर क्रमांक असलेली पितळी पट्टी झाकणाच्या स्क्रूखाली बसविलेली असते. दुरुस्तीच्या वेळी ती पुष्कळदा हरवते व ओळखीचा मुख्य पुरावा नाहीसा होतो. मग ओतीव भागाचा आकार, बैठकीच्या बोल्टांतील अंतर व गळ्याचा व्यास यांवरून निर्णय करावा लागतो. सोलेक्सच्या नावातील अंक गळ्याचा व्यास मिमी.मध्ये दर्शवितो. अमेरिकेतील १९६०–७० च्या शक्तिशाली मोटारींच्या हॉली कार्ब्युरेटरवर सूची-क्रमांक चोकच्या गळ्यावर ठोकलेला असतो.

पुनर्बांधणी : जोडण्यांची रेखाटने करून भाग सुटे करतात व द्रावकात स्वच्छ करतात. जेटमध्ये तार घालू नये. छिद्र किंचित मोठे झाले तरी मिश्रण बिघडते. ते दाबयुक्त हवेने मोकळे करतात. पितळी तरंडा गरम पाण्यात बुडविल्यावर बुडबुडे आले, तर तो फुटका समजावा. सुई-झडप व तिची बैठक यांची जोडी एकत्रच बदलतात. थ्रॉटलचा दांडा सैल असल्यास बाहेरची हवा आत शिरते व संथ गती स्थिर राहत नाही. अशा वेळी नवी बुशिंगे बसवितात. प्रवेग पंपाचा कातडी दट्ट्या वाळलेला असल्यास हलक्या तेलात भिजवितात किंवा बदलतात. डब्ल्यूओ प्रकारात झाकण उलटे धरून तरंड्याची उंची ३/८ इंच (९.५ मिमी.) ठेवतात. ती चुकली, तर पेट्रोल ओसंडते किंवा कमी पडते. हे काम विस्तवापासून दूर व हवेशीर जागी करावे.

इंधनातील बदल : सोनईसारख्या ऊसपट्ट्यातील मळीपासून व उसाच्या रसापासून एथेनॉल तयार होते. २०२५ पर्यंत भारतातील पेट्रोलमध्ये त्याचे प्रमाण सु. २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. शुद्ध पेट्रोलच्या ज्वलनास वजनाच्या सु. १४.७ पट, तर एथेनॉलला सु. ९ पट हवा लागते. परिणामी जुन्या जेटमधून मिळणारे मिश्रण विरल होते. शिवाय एथेनॉल पाणी शोषते, जुनी रबरी पटले फुगविते व काही मिश्रधातूंना गंज आणते. म्हणून एथेनॉलरोधी पटले वापरतात व जरूर तर थोडे मोठे जेट बसवितात. काढलेले मूळ जेट व पट्टी मात्र जपून ठेवावी आणि बदलाची नोंद करावी. अशा नोंदीमुळेच गाडी वापरात राहते आणि तिचे मूळ रूपही पुढील दुरुस्ती करणाऱ्यास कळू शकते.