शब्दार्थ रात्री पाठ, आठवड्यात सपाट!

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या ढोकीतल्या मुलाला अकरावी विज्ञानात ‘इव्हॅपरेशन’सारखे शब्द ढिगाने भेटतात. मग इंग्रजी व्याख्या वहीत दहा-दहा वेळा लिहिली जाते. पण व्याख्येतले ‘लिक्विड’, ‘व्हेपर’ हेच शब्द अनोळखी असतील, तर मेंदूने धरायचे कशाला? तेरणा साखर कारखान्याच्या या गावात उसाचा रस उकळला की पाणी उडून पाक दाट होतो, हे कोणाला सांगावे लागत नाही. तेच ‘इव्हॅपरेशन’, म्हणजे बाष्पीभवन! आधी मराठी अर्थ, मग इंग्रजी व्याख्या, यात कमीपणा मुळीच नाही.

अर्थ कळला तरी तो टिकतोच असे नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखवले, की पाठ केलेले पहिल्या काही तासांतच सर्वाधिक विसरते. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे. ‘रात्री तर सगळं येत होतं’ या तक्रारीचे मूळ इथेच आहे.

म्हणून वहीचे पान उभे दुमडा. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. अर्थ झाकून आठवा, अडलात तरी लगेच बघू नका. आज, उद्या, चार दिवसांनी आणि पुन्हा आठवड्याने. रोज आठ-दहा शब्द पुरेत.