शिरूर कासारच्या माळावरचे पक्षी मोजणार कोण?

शिरूर कासार तालुक्यात सिंदफणेच्या काठची काळी जमीन मागे पडली की मुरमाड माळ सुरू होतो. पावसाळ्यात गवत, दिवाळीनंतर सगळं पिवळं, उन्हाळ्यात नुसती खडी. गावकरी याला गायरान म्हणतात, सरकारी नकाशात तो बहुतेक वेळा ‘पडीक’ असतो. मराठवाड्यातल्या अनेक गावांत ईदगाह आणि कब्रस्तानही गावाबाहेर, अशाच बाजूला असतं. म्हणजे हा माळ आपल्या रोजच्या पायवाटेवरचा आहे. पण त्यावर कोण कोण राहतं, याची नोंद फार थोडी झाली आहे.

माळाचे पक्षी जमिनीवरच राहतात. तितर, लावरी, चंडोल, माळटिटवी, धाविक, पखुर्डी यांना झाड लागत नाही. अंडी घालतात तीही उघड्यावर, खड्यांच्या रंगाची. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात, नाकतोडे खातात आणि रात्री गवतातच बसतात. गवत गेलं की यांचं घरच गेलं.

2023 च्या ऑगस्टमध्ये देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा एक मोठा अहवाल आला. 942 जातींचा त्यात विचार आहे आणि त्यामागे सुमारे 30 हजार हौशी पक्षीनिरीक्षकांनी केलेल्या 3 कोटी नोंदी आहेत. यात शास्त्रज्ञ थोडे, शिक्षक, विद्यार्थी, दुकानदार, निवृत्त मंडळी जास्त. 178 जातींना तातडीनं जपायला हवं, असं अहवाल सांगतो. माळरानासारख्या मोकळ्या जागांवरचे पक्षी झपाट्यानं घटत आहेत. तारेवर बसणारा आपला नीलपंखही घटणाऱ्यांत आहे. मोर मात्र वाढतोय. शेजारच्या पाटोदा तालुक्यात मोरांसाठी 1994 पासून नायगावचं अभयारण्य आहे. चंडोलासाठी कुणी अभयारण्य काढत नाही, हेही खरं.

आता ही मोजणी होते कशी, ते बघू. माळावरचा एकूण एक पक्षी मोजणं कुणालाच जमणार नाही. त्यामुळं एक माणूस एका जागी पंधरा मिनिटं किंवा अर्धा तास थांबतो, दिसलेला किंवा आवाजावरून ओळखलेला प्रत्येक पक्षी लिहितो, कावळा-साळुंकीसुद्धा. सोबत वेळ, ठिकाण, किती चाललो ते. अशा शेकडो याद्या जमल्या की त्यातल्या किती याद्यांत नीलपंख आहे, हे पाहतात. समजा पूर्वी शंभरातल्या चाळीस याद्यांत होता आणि आता वीसच याद्यांत आहे, तर तो कमी झाला. म्हणून यादी पूर्ण हवी. नुसता मोर दिसला आणि तेवढाच लिहिला, तर बाकीचे नव्हते की आपण सोडले, हे कळायला मार्ग राहत नाही.

अडचण अशी की याद्या येतात त्या बहुतेक पुणे, मुंबई, नागपूरच्या आसपासच्या. मराठवाड्यातून कमी. आणि ज्या माळाची नोंदच नाही तिथं उद्या खडी क्रशर आला, पवनचक्की आली, तर ‘इथं काय होतं?’ या प्रश्नाला कागदावर उत्तर नसतं.

या प्रदेशात पक्ष्यांची पहिली मोठी पाहणी केली ती डॉ. सालिम अली यांनी. 1931-32 मध्ये निजामाच्या हैदराबाद संस्थानाची ही पाहणी झाली आणि बीड तेव्हा त्याच संस्थानात होतं. सालिम अली यांच्याकडे त्या वेळी नोकरी नव्हती. खर्च मिळाला तर मोबदला न घेता काम करतो, असं त्यांनी संस्थानांना कळवलं होतं. सोबत बेगम तहमीना असायच्या. पुढं माळढोक राष्ट्रीय पक्षी व्हावा असा त्यांचा आग्रह होता, पण 1963 मध्ये मान मोराला मिळाला. सोलापूरजवळ नान्नजला 1979 मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालं, तरी तिथं आता माळढोक दिसला तर बातमी होते. आपल्या समाजात सालिम अलींचं नाव अभिमानानं घेतात. त्यांची वही पुढं लिहिणारी मुलं मात्र कमी दिसतात.

दीनच्या बाजूनं पाहिलं तर विषय परका नाही. सूरह अन्आमच्या 38 व्या आयतीत पक्ष्यांना माणसांसारख्याच ‘उम्मत’ म्हटलं आहे. अबू दाऊद यांच्या संग्रहातल्या हदीसमध्ये एका प्रवासात सहाबांनी पक्ष्याची दोन पिल्लं उचलल्याचा प्रसंग आहे. आई घिरट्या घालू लागली तेव्हा प्रेषित (सल्ल.) यांनी पिल्लं परत ठेवायला सांगितली. इथं एक स्पष्ट बोलायला हवं. तितर, लावरी खायला हलाल आहेत, पण रानातून जाळं लावून धरणं वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणं गुन्हा आहे. बाजारात पाळीव जपानी लावा मिळतो, त्याची गोष्ट वेगळी.

दुसरं, झाडं. झाड लावणं सदका आहे, जरूर लावा. बांधावर लावा, मशिदीच्या आवारात लावा. पण गवताळ माळावर ओळीनं खड्डे घेऊन रोपं लावली तर चंडोल आणि धाविक तिथून जातात. तिथं गवत राखणं आणि वणवा न लावणं हेच खरं काम.

सुरुवात सोपी आहे. फज्रनंतर सूर्य वर येतो तेव्हा पक्षी सर्वांत बोलके असतात. मोबाईलवर ‘ई-बर्ड’ हे मोफत ॲप घ्या, त्यात पक्ष्यांची मराठी नावंही आहेत. फेब्रुवारीत चार दिवस जगभर ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काऊंट’ असतो. राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर पक्षी सप्ताह असतो, मारुती चितमपल्लींच्या जन्मदिनापासून सालिम अलींच्या जन्मदिनापर्यंत. जखमी पक्षी सापडला तर तालुक्यातच तागडगावला सोनवणे दांपत्याचं ‘सर्पराज्ञी’ केंद्र आहे. एप्रिल-मेमध्ये खड्यांत अंडी दिसली तर फोटोसाठी थांबू नका, आई उन्हात अंड्यांवर परतायला हवी.

राहिला प्रश्न ऊसतोडीचा. दसऱ्यानंतर तालुक्यातली कितीतरी कुटुंबं फडावर जातात, म्हणजे नेमकं भोवत्या येतात तेव्हा मुलं गावात नसतात. मग घरी राहिलेल्या आजी-आजोबांनी सांगावं आणि नातवानं परतल्यावर लिहावं. पावसाळ्यापूर्वीचे महिने तरी सगळे इथंच असतात. तेव्हा माळावर माळटिटवी, चंडोल, धाविक, तितर अंड्यांवर असतात आणि मोजायला तेवढे पुरेत.